तीन पुडे कमी

माझी गिटार ऐकून लोक विचारायचे, "पिकअप कुठला हो?" मी मान जराशी तिरकी करून सांगायचो, "बॉम्बेचा." पहिल्या वेळी जीभ अडखळली होती. पुढे दोन वर्षं काही अडखळली नाही.

गोष्ट आमच्या सावली गावची, शहाऐंशी सालची. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा मी एकटाच. दिवसा कारकून, संध्याकाळी कलावंत, त्यामुळे अंगात मस्ती दुप्पट. नागपूरहून आणलेल्या माझ्या जुन्या गिटारला एकाच गुंडाळीचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून आवाज पुढे पाठवणारा भाग, होता. ट्यूबलाइट किंवा जनरेटर जवळ असला की तो घूं घूं करायचा, आणि गायकाच्या आधी माझी घरघर लोकांना ऐकू जायची. बल्लारपूरच्या एका म्हाताऱ्या वादकानं मला हंबकर नावाचा पिकअप दाखवला. शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या, एकमेकींच्या उलट. घरघर आपसात मिटते आणि सूर तेवढा उरतो. जुन्या धाटणीचा गोड आवाज हवा असेल तर दोन्हींत तारेचे पाच-पाच हजार फेरे घे, असं त्यानं कागदावर मापांसकट लिहून दिलं.

केसाएवढी बारीक तार भरणारं दुकान सावलीत एकच होतं, बसस्टँडजवळचं मुखरूभाऊचं. पाटी त्याच्या नावाची, पण त्याचे हात थरथरायला लागल्यापासून पंख्यांचं, मोटारींचं वाइंडिंग त्याची बायको कमळाबाई करायची. लहानपणापासून दर उन्हाळ्यात फळीवर, म्हणजे विडीची पानं गोळा होतात तिथे, तेंदूपत्त्याचे पुडे बांधलेली बाई. एका पुड्यात पानं सत्तर, म्हणून ती तारेचे फेरेही सत्तर-सत्तरनंच मोजायची. सत्तर झाले की एक चिंचोका डब्यात टाकायचा.

आठ दिवसांनी गेलो तर तिनं पिकअप पुढे केला आणि म्हणाली, "गुणवंतभाऊ, एक गुंडाळी बरोबर हाये. एकाहत्तर पुडे आन् वर तीस. दुसरीत तीन पुडे कमी बसले. तार सरली. नवी तार आली का पुरं करून देईन."

ती बोलली नसती तर मला जन्मात कळलं नसतं. पण ती खरं बोलली आणि माझं डोकं फिरलं. दुकानात नऊ-दहा माणसं होती. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "ही काय तेंदूपत्त्याची फळी हाये? पानं मोजनारीले वाइंडिंग कोनं शिकवलं? उद्या लोकायच्या मोटरी जाळून ठेवसान!"

कमळाबाईनं खाली पाहिलं. एका माणसानं दुरुस्तीला ठेवलेला आपला टेबलफॅन उचलला, त्याचं पाहून दुसऱ्यानंही उचलला. मी पिकअप खिशात कोंबून बाहेर पडलो, आणि खरं सांगतो, तेव्हा मला फार बरं वाटत होतं.

मग मी बॉम्बेहून हंबकर मागवला. चकचकीत झाकणाचा. गिटारला लागण्याआधी तो गावभर फिरला. आमचा रेडिओ मेकॅनिक लटारू म्हणाला, "दोनीही जोडून पाहू. तू भिंतीकडं तोंड करून वाजव, मी बटन फिरवतो. तुझ्या कानानंच निवड."

मी वाजवलं. एक आवाज टोकदार, पत्र्यावर खडा घासावा तसा. दुसरा भरलेला, गोड, आणि तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा मी दुसराच निवडला. "याले म्हनतात बॉम्बेचा माल," मी म्हणालो.

"हा कमळाबाईचा हाये," लटारू म्हणाला. "दोन गुंडाळ्या सारख्या नाईत ना, म्हनूनच असा खुलून राह्यला. जा, सांगून ये तिले."

"सांगतो," मी म्हणालो. आणि बॉम्बेच्या पिकअपचं चकचकीत झाकण काढून तिच्या पिकअपवर बसवायला लावलं. लटारूनं बसवलं, पण त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

अठ्ठ्याऐंशीची बुद्धजयंती. ऊन उतरल्यावर आमचा कार्यक्रम सुरू झाला. पाच गाणी झाली आणि पाणी प्यायला मी मंचाच्या मागे आलो. तिथे कमळाबाई उभी होती. तेंदूपत्त्यानं बोटं काळी पडलेली.

"मस्त वाजते, भाऊ," ती म्हणाली. "माझ्यानं तवा तुमचं काम बिघडलं होतं. दोन वर्षं मनात राह्यलं. माफी मागाव म्हनलं."

तिच्या दुकानाकडे मी पुन्हा फिरकलोच नव्हतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दुकान कसं हाये?"

"दुकान बंद झालं नं. मोटर जळते म्हनून कोनी देतच नाई. आता फळीवरच जातो."

माझ्यानं राहवेना. मी गिटार उलटी केली, मागची छोटी पाटी काढली आणि आतल्या वायरी दाखवल्या. त्यांना पळसाच्या सालीच्या धाग्याची गाठ होती, पुड्याला मारतात तशी. तिनं गाठीवर बोट ठेवलं.

"हा तं माझा!" ती म्हणाली. आणि लगेच घाबरून, "पन याच्यात तीन पुडे कमी हायेत भाऊ. भरून देऊ?"

"नको बाई! कमी हायेत म्हनूनच तर इतका गोड वाजते. बॉम्बेच्या पिकअपपेक्षा चांगला. मले पह्यलेच समजलं होतं."

तिनं गाठीवरचं बोट काढून घेतलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"तवा तं सगळ्यायच्या समोर बोलले होते, भाऊ," ती म्हणाली. "आता मले एकटीलेच काऊन सांगून राह्यले?"

तेवढ्यात निवेदकानं माझं नाव पुकारलं. "आता ऐका, खास बॉम्बेच्या पिकअपवर..." मी मंचावर गेलो. माइक हनुवटीसमोर होता. पुढच्या रांगेत त्या दिवशी दुकानात असलेली निदान तीन माणसं बसली होती, टेबलफॅनवालासुद्धा. कमळाबाई मंडपाच्या खांबाशी येऊन उभी राहिली.

मी गाणं सुरू केलं.

त्यानंतर अजून चार गाणी झाली. प्रत्येक गाणं संपलं की लोक टाळ्या वाजवायचे आणि ती माइककडे बघायची. कार्यक्रम संपेपर्यंत ती थांबली होती.