तांब्याचं कडं

चार मीटर तांब्याची नळी. पाण्याच्या टाकीभोवती हळूहळू वाकवायची. घाई केली की चेपते.

स्पीकरची जाळी काढून टाकलेली. आतल्या कागदी शंकूवर एका म्हाताऱ्या माणसाचं बोट.

"गच्चीवर, टाकीच्या खांबाला किंवा गॅलरीबाहेर कोणाही सभासदाने खाजगी तार बांधू नये. बांधली असल्यास सात दिवसांत काढून टाकावी. — चिटणीस."

राखाडी मोजे, तीन जोड, गॅलरीत वाळत.

"बरी आहे असं सगळ्यांबद्दलच सांगतात."

*

तिला इमारतीतली पोरं तारबाई म्हणत. तारखात्यात बत्तीस वर्षं नोकरी आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपासून गच्चीवरच्या खांबापर्यंत बांधलेली वीस मीटर तार, म्हणून. वय शहात्तर. मुलीकडे राहायला आली तेव्हा सामान दोन बॅगा आणि एक हौशी रेडिओचा सेट. मुलीला वाटलं होतं, एक बॅग आणि दोन सेट असतील.

रोज दुपारी चार वाजता ती सेटपुढे बसून मोर्सची कळ दाबायची आणि चारशे किलोमीटरवर तिचा दादा वाचायचा. वाचायचा म्हणजे बोटाने. दादा एक्याऐंशीचा. कान पूर्ण गेले, डोळ्यांना नुसता उजेड-अंधार कळतो. फोनचा उपयोग नाही, मेसेजचा नाही. पण स्पीकरच्या शंकूवर बोट ठेवलं की कट्ट आणि कडकट्ट त्याला बोटातून कळत. उत्तराची कळ दाबायला डोळे कशाला हवेत? त्याच्या सेटचं बटण एका जागी चिकटपट्टीने पक्कं केलेलं होतं. तेवढ्या एका लहरीवर आवाज आला तर आला, शेजारी आला तर त्याला नाही.

मग गच्चीवर टाकी दुरुस्त करायला आलेला माणूस तारेत अडखळला. पडला नाही, पण ओरडला मोठ्याने. समितीने नोटीस काढली. समितीचा चिटणीस म्हणजे तारबाईचा जावई.

घरात नोटीस देणारा आणि घेणारी एकाच टेबलावर जेवत होते. जावई त्या आठवड्यात मीठसुद्धा बायकोमार्फत मागायचा.

सोमवारी तार उतरली.

*

प्लंबर आणि तारबाई, मंगळवार.

"मावशी, नळी वाकवून झाली. नळ कुठे बसवायचा?"

"नळ नाही. नुसती नळी."

"मग पाणी कुठून येणार?"

"यायचंच नाहीये."

"अहो, मग तांब्याची कशाला? प्लास्टिकची घ्यायची होती."

त्याने सांध्यांना डाग मात्र नीट दिले. कडं जवळजवळ सव्वा मीटर रुंदीचं झालं, वरच्या बाजूला मुद्दाम फट ठेवलेलं. फटीत तिने कंडेन्सर बसवला. एकमेकांत सरकणारी पत्र्याची पाती आणि फिरवायला एक बटण. पाती फिरवली की कडं हव्या त्या लहरीवर जुळतं. खांब नको, गच्ची नको. लाकडी घोडीवर उभं केलं की गॅलरीतच काम. उचलून कुठेही नेता येतं. हौशी रेडिओच्या क्लबातल्या जुन्या मित्राने पत्रात चित्र काढून सगळं समजावलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "तारेपेक्षा फार शांत. घरातल्या यंत्रांची खरखर ऐकूच येत नाही."

मुलीने गॅलरीत पाहिलं. "आई, सर्कस काढतेस का?"

"हो. वाघ घरातच आहे, नोटिशा काढतो."

आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान जरा जोरात उलटलं गेलं.

*

तारबाईच्या वहीतून.

गुरुवार, ४:००. गॅलरीत उभं राहून बटण फिरवलं, कानाला हेडफोन. खरखर सगळ्यांत मोठी झाली तिथे थांबवलं. आत येऊन टेबलाशी बसले. एकदम शांत. कडं म्हणतात तसंच आहे. दादाला हाक. उत्तर नाही.

शुक्रवार, ४:००. तसंच. आवाज स्वच्छ. उत्तर नाही. दादाने बसणं सोडलं की काय.

*

शुक्रवारी संध्याकाळी दादाच्या सुनेचा फोन आला.

"आत्या, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी ठणठणीत. दादा कसा आहे?"

"मामंजी चारला बसतात ते उठतच नाहीत. बोट त्या शंकूवर. काल अंधार पडेपर्यंत. जेवायला या म्हणून हात धरला तर हात झटकला. तुमची तार काढली, तुम्ही बऱ्या आहात, असं मी त्यांच्या तळहातावर अक्षरं काढून सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, बरी आहे असं सगळ्यांबद्दलच सांगतात."

वहिनी दवाखान्यात होती तेव्हा घरच्यांनी दादाच्या तळहातावर चार दिवस हेच लिहिलं होतं. त्यातले शेवटचे दोन दिवस वहिनी नव्हती.

"तीन दिवसांत दोन वेळा जेवलेत," सून म्हणाली. "दूध घेतात. आत्या, तुम्हीच काहीतरी करा. त्यांना फक्त तुमचा हात कळतो."

हात म्हणजे कळ दाबायची ढब. प्रत्येकाची वेगळी असते, अक्षरासारखी. तारबाईची शेवटची लांब खूण नेहमी जरा जास्तच लांबते. तारखात्यात साहेब त्यावरून बोलायचे.

"तो स्वतः काही वाजवतो का गं?"

"रोज! चारला आधी तेच वाजवतात."

म्हणजे दादा हाक मारतो आणि तिला ऐकू येत नाही. म्हणजे दोष तिच्याकडे आहे.

शनिवारी तिने सगळे सांधे घासले. डाग तपासले. पात्यांमधली धूळ ब्रशने काढली. मुलगी म्हणाली, खालच्या बागेत नेऊन बघू या का? पण गुडघा तीन मजले उतरू देईना, आणि लिफ्ट शोभेला होती.

शनिवार, ४:००. आवाज स्वच्छ. उत्तर नाही.

रात्री तिने जेवायचं ताट तसंच सारलं. जावयाने पाहिलं. मुलगी म्हणाली, "आता तूसुद्धा सुरू करू नकोस." जावयालाही भाजी संपली नाही.

*

रविवार. चारला पाच मिनिटं कमी.

तारबाईने गॅलरीत उभं राहून बटण जुळवलं, आत येऊन बसली. सेट शांत. आता हेडफोनही नको म्हणून तिने स्पीकर लावला होता. चाळीस वर्षं ती हौशी रेडिओ तारेवरच चालवत आली होती आणि तारेला तुम्ही कुठे उभे आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं. तारेवर शांत म्हणजे हवा चांगली.

जावई मोजे काढायला गॅलरीत गेला. खरं तर मोजे सकाळीच वाळले होते. त्याला सासूबाईंशी काहीतरी बोलायचं होतं आणि मोजे हातात असले तर बोलणं सोपं जाईल असं वाटलं असावं. वरच्या दोरीवरचा जोड काढताना त्याचा हात कड्याच्या वरच्या टोकाजवळ, बटणाच्या अगदी बाजूला गेला.

खोलीत एकदम खरखर उसळली.

"आई, मला म्हणायचं होतं की..."

"हलू नका!"

जावई थांबला. हात वर, मोजे हातात.

"काय झालं?"

"हलू नका म्हणते ना! हात तिथेच. जरा पुढे. मागे. तिथेच! आणि नळीला शिवू नका, मी कळ दाबली की चटका बसेल."

तारबाईच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. बटण फिरवताना तिचा हात बाजूला असतो. कडं जुळतं ते हातासकट. ती आत आली की हात गेला, कड्याची जुळणी हलली, लहर सुटली. शांत झालं कारण ते बहिरं झालं होतं. आणि ती तीन दिवस त्या बहिरेपणाचं कौतुक वहीत लिहीत होती!

खरखरीच्या आतून बारीक, सावकाश आवाज येऊ लागला. कोणीतरी एकच हाक पुन्हा पुन्हा वाजवत होतं.

तिने दम खाल्ला. कळेवर बोटं ठेवली. दादा, मी.

काहीच नाही. मग दादा: कोण?

तिने तेच पुन्हा वाजवलं, शेवटची खूण होते तशी लांबू दिली.

मग दादाचा हात भराभर चालला, अक्षरं एकमेकांवर आदळत. तारबाई जमेल तेवढं कागदावर उतरवत होती आणि उतरवलेलं ओलं होऊन फुटत होतं, कारण डोळे वाहत होते.

"आई, हाताला मुंग्या आल्या," गॅलरीतून.

"येऊ द्या."

मुलगी पळत आली. "अहो, हे काय, मोजे घेऊन उभे काय राहिलात?"

"जवळ येऊ नकोस," जावई ओठ न हलवता म्हणाला. "मी जुळलोय."

मुलगी दारातच खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून हसायला लागली.

"काय म्हणतायत मामा?" जावयाने विचारलं.

दादाने विचारलं होतं, तार कोणी काढली. तारबाईने खरं ते सांगितलं होतं. दादाने उत्तरादाखल जावयासाठी एकच शब्द वाजवला होता, चार पायांचा.

"म्हणतोय, जावई चांगला उभा राहतो."

"आई, नोटिशीवरची ती सही..." तो म्हणाला. "मला आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं."

"बोला की आता. वीस मिनिटं आहेत. फक्त हातवारे करू नका."

चार वाजून बावीस मिनिटांनी दादाने वाजवलं: भूक लागली. उद्या चारला.

*

सोमवारी सकाळी प्लंबरकडून हातभर प्लास्टिकची दांडी आणून बटणाला बसवली. आता दुरून फिरवता येतं. चारला जावई आपणहून गॅलरीत जाऊन हात वर करून उभा राहिला. दांडी बसवल्यामुळे आता तो उभा राहिला की कडं बिघडत होतं. त्याला आत पाठवावं लागलं. तो बराच हिरमुसला.

त्या रविवारी सकाळी, दादाने पुन्हा उपाशी बसून राहू नये म्हणून, सुनेने त्याच्या सेटची वायर काढून कपाटात ठेवली होती. साडेतीनला तिनेच ती परत लावली होती.