दार बंद, सगळे आत

“तू फक्त सुरुवातीचं म्हण,” चष्मेवाला म्हणाला. “तेवढं तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही.”

त्याचा जुना मित्र खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. चष्म्याच्या दुकानामागची ही खोली एरवी डोळे तपासायची होती. भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता, कोपऱ्यात हनुवटी टेकवायचं यंत्र होतं. रविवारी सकाळी दुकान बंद असे आणि खोली ‘ध्रुवयान’ या जुन्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळाची होई. आज तिथे दोन मोठे दिवे उभे केले होते आणि मधोमध तिवईवर कॅमेरा होता. मालिकेच्या नव्या भागांवर आजपर्यंत मंडळात नुसतं भांडण होत होतं. आजचं भांडण चित्रित होऊन ज्याच्या त्याच्या फोनवर दिसणार होतं.

त्याने खिशातून नळकांड्यासारखं बोलायचं यंत्र काढलं, हनुवटीखाली मऊ जागा शोधून टेकवलं आणि बटण दाबलं.

“मलाही. बोलायचंय.”

भुणभुणत्या, सपाट आवाजात शब्द आले. चष्मेवाल्याने दिव्यांकडे पाहिलं. बोल की, तुला कोण नको म्हणतंय, असं काहीतरी पुटपुटला आणि दिव्याची वायर सोडवायला वाकला.

मंडळात त्याला सगळे मीटर म्हणत. वीज कंपनीत त्याने जन्मभर लोकांच्या घरचे मीटर वाचले होते. दाराशी जायचं, “मीटर” म्हणायचं, आकडा टिपायचा आणि पुढच्या दाराशी जायचं. मुळात तो भिडस्त. कामानिमित्त एवढा एकच शब्द लागतो याचं त्याला बरंच वाटे. उरलेला वेळ तो वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत डोकं घालून बसे. ‘ध्रुवयान’ पहिल्यांदा लागलं तेव्हा तो आणि चष्मेवाला दोघेही बिनलग्नाचे होते, एकाच खोलीत भाड्याने राहत होते. कप्तान, त्याची माणसं आणि सूर्यमाला सोडून निघालेलं ते यान. यान बोलायचं. संकट येवो की सकाळ होवो, आवाज एकाच पट्टीतला, पत्र्यावर खडे पडल्यासारखा. दर भागाच्या सुरुवातीला ते म्हणायचं, “दार बंद. सगळे आत. निघू या.”

एकदा गमतीत त्याने हा आवाज काढून दाखवला आणि चष्मेवाला हसून हसून गादीवरून खाली पडला. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी “पुन्हा म्हण” म्हटलं होतं. पुढे मंडळ झालं, माणसं आली, गेली, मालिकेच्या नव्या भागांचे संच निघत राहिले. रिवाज मात्र तोच राहिला. खोलीचं फुगलेलं दार मुठीला धरून जरा वर उचलल्याशिवाय बसत नसे. ते तो लावी, वळून यानाच्या आवाजात ती ओळ म्हणे आणि मग बैठक सुरू होई. तो यायच्या आधी कुणी बोलायला लागलंच तर बाकीचे गप्प करत.

मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्यावर श्वासाचं भोक आणि त्यावर जाळीचं फडकं उरलं. दवाखान्यात चष्मेवाला रोज यायचा, डबा आणायचा. पलंगाच्या कडेवर बसून एकदा म्हणाला होता, “आवाज गेला तर गेला. तू तोच आहेस ना?” त्या वाक्यावर त्याने पुढचे कितीतरी आठवडे काढले.

यंत्र घेऊन पहिल्यांदा बैठकीला आला तेव्हा टाळ्या पडल्या. आता नक्कल करायचीही गरज नव्हती. गळ्याला नळकांडं लावलं की साक्षात यानच बोले. आपलं यान परत आलं, असं मंडळातली बँकवाली डोळे पुसत म्हणाली होती. पण यान एका ओळीवर थांबलं तर बरं, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. तो चर्चेत बोलायला लागला की वेळ लागे. शब्द नीट उमटत नसत, पुन्हा सांगावे लागत. मग कुणी त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून पुढे जाई, कुणी फोन बघे. त्याने वाक्यं आखूड केली. मग कमी केली.

दिवे लागले. त्याने दार उचलून लावलं, यंत्र टेकवलं.

“दार बंद. सगळे आत. निघू या.”

कॅमेऱ्यामागच्या फोटोग्राफरने अंगठा वर केला आणि वाद सुरू झाला. नव्या संचात यानाला नवा आवाज दिला होता. बाईचा, मऊ, चढउतार असलेला. फोटोग्राफरच्या मते तो कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या बाईसारखा होता, आणि त्यावर सगळे हसले. बँकवालीला हसू आलं नाही. आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात आपण जुने भाग लावून बसायचो, असं ती म्हणाली. यान कधी लाडात आलं नाही, कधी घाबरलं नाही, त्या एकसुरी आवाजानेच धीर यायचा. आता ते उसासे टाकतं. आपल्याला उसासे घरी पुष्कळ आहेत. चष्मेवाल्याने मग मान डोलवून, कॅमेऱ्याकडे बघत, घोळवून घोळवून सांगितलं, “आवाज ही काय कपडे बदलायची गोष्ट आहे? आवाज बदलला की माणूस संपला.”

मीटरने त्याच्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याला आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. मीटरने हात वर केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा बँकवालीलाच राहवलं नाही, काकांना बोलू द्या, असं म्हणाली.

रात्र रात्र जुळवलेली वाक्यं होती. आपलं मत चुकीचं असेल, आपल्याला काय कळतं, असं म्हणून त्याने ती कितीदा रद्द केली होती.

“मला नवा. आवाज. आवडला,” तो म्हणाला. खोलीत चुळबुळ झाली. “चौथ्या भागात. इंजिनियर. मरायला टेकतो. यान म्हणतं, थांब. जुन्या यानाला. हे म्हणता. आलं नसतं. त्याचं थांब आणि. त्याचं दार बंद. सारखंच.” त्याने श्वास घेतला, जाळी हलली. “मी बायकोला. हाक मारतो. ती म्हणते. मीटर वाचल्यासारखी. मारता. जुना आवाज. तुम्हाला ऐकायला. छान आहे. त्यात बोलावं. लागत नाही. तुम्हाला. यानाला आवाज. मिळालाय. मिळू दे.”

त्याने यंत्र खाली घेतलं. एवढं सलग तो पूर्वी, घसा शाबूत असतानाही, कधी बोलला नव्हता.  मग चष्मेवाला “मुद्दा आहे,” म्हणाला आणि यानाचा रंग का बदलला याकडे वळला.

तरी तो घरी आला तो तरंगतच. बायकोला खुणेने सांगितलं की आज मी बोललो. ती भाजी निवडत होती. काय बोललात, असं तिने दोनदा विचारलं. त्याने हाताने सांगितलं, दिसेलच.

चित्रफीत आली त्या दुपारी दोघांनी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि शेजारी शेजारी बसले. सुरुवातीला अंधार, त्यातून त्याचा आवाज, “दार बंद. सगळे आत. निघू या.” बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. कर्जवाल्या बाईचा विनोद झाला, बँकवालीचा नवरा झाला, चष्मेवाल्याचं वाक्य झालं, आणि लगेच यानाचा रंग आला. शेवटी पुन्हा अंधार आणि पुन्हा त्याची ओळ.

खाली लोकांनी लिहिलं होतं, ते तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. मस्त आवाज. कुठल्या यंत्रावर बनवलाय? हुबेहूब जमलाय.

“आणि तुमचं बोलणं कुठंय?” ती म्हणाली.

त्याने फोन उचलून खिशात टाकला.

“अहो, मी तुम्हाला विचारतेय. तुम्ही बोललात ना तिथं?”

यंत्र टेबलावर, हाताच्या अंतरावर होतं. त्याने ते घेतलं नाही.

पुढच्या रविवारी न जाण्याचा विचार त्याने बसथांब्यापर्यंत केला. खोलीत गेला तर चष्मेवाला दारातच भेटला आणि त्याने पाठीवर थाप मारली. बघितलंस ना, सगळ्यांना तुझंच आवडलंय. जरा लांबण लागत होती म्हणून मधलं थोडं कापावं लागलं, सगळ्यांचंच कापलंय, मनाला लावून घेऊ नकोस. हे त्याने इतक्या प्रेमाने सांगितलं की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा.

दिवे लागले. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने हात खिशात घातला, यंत्राभोवती बोटं मिटली आणि हात तिथेच राहिला.

“म्हण ना,” चष्मेवाला म्हणाला.

तो उभाच राहिला. चष्मेवाल्याला वाटलं सेल संपले असतील. त्याने तत्परतेने ड्रॉवर उघडून नवे सेल पुढे केले. मीटरने मान हलवली. चष्मेवाल्याच्या तळहातावर सेल तसेच राहिले. बँकवालीने काका, बरं वाटत नाही का, असं विचारलं, आणि मग घड्याळ पाहिलं.

“हरकत नाही,” फोटोग्राफर म्हणाला. “माझ्याकडे आहे.”

त्याने फोनवर बोट फिरवलं. खोलीभर आवाज घुमला, नीट, खणखणीत, एकही अक्षर न गाळता.

“दार बंद. सगळे आत. निघू या.”

चर्चा सुरू झाली. आज यानाच्या खिडक्यांवर होती. मीटर भिंतीच्या कडेने, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून जरा वाकून, बाहेर गेला. दार कुणी लावलंच नव्हतं. त्याने बाहेरच्या मुठीला धरून ते हलकेच वर उचललं आणि ओढून घेतलं. नीट बसलं.