औषधाविना उभी राहिलेली वेल

मी द्राक्षवेल बोलत आहे. थोडेच बोलेन, वेलीने फार पसरू नये, असे माझे मत आहे.

माझी आई नाशिककडची, गोड आणि नाजूक. वडील रानवेल, आंबट, खरखरीत, पण उभ्या आयुष्यात आजारी न पडलेले. पुण्याच्या संशोधन संस्थेत द्राक्षाच्या नव्या जाती घडवणाऱ्या शमिकाताईंनी आईच्या कळ्यांतील पुंकेसर चिमट्याने काढले, वडिलांचे पराग लावले आणि घडाला कागदी पिशवी बांधली. माणसे सोयरीक जुळवताना घर पाहतात, पगार पाहतात. ताईंनी फक्त प्रकृती पाहिली. मला ते योग्य वाटते.

त्या घडाच्या बियांतून उगवलेल्या आम्हा भावंडांना कोकणात, जयगडजवळच्या कातळावर, ताईंच्या सासऱ्यांच्या जागेत आणून लावले. कारण विचित्र होते: इथे रोग चांगला येतो. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते, तिथे द्राक्षाच्या पानांची काय कथा! नियम एकच. औषध मारायचे नाही. बुरशीसमोर जी उभी राहील, तीच पुढच्या जातीची आई.

सासरे म्हणजे आप्पा, सुपारीबागेचे मालक आणि मनाने फार हळवे. पहिल्याच श्रावणात आमची पाने पिवळी पडू लागली, तशी त्यांना झोप येईना. ताई पुण्याला गेल्या होत्या. सुपारीवर फवारण्यासाठी कालवलेले मोरचूद-चुन्याचे निळे पाणी, म्हणजे बुरशीचे औषधच, उरले होते. ते त्यांनी आम्हा सर्वांवर सढळ हाताने फवारले. ताई परतल्या तेव्हा आम्ही टवटवीत.

"बघ गो शमिका, सगळी पोरं पास!"

ताई मटकन बांधावर बसल्या. "आप्पा, पेपर तुम्ही लिहिलात. आता हुशार कोण, ते मला कसं कळायचं?"

वर्ष वाया गेले. ताईंच्या संस्थेने आणखी एकच पावसाळा दिला; त्यातही काही सिद्ध झाले नाही, तर आम्हा सर्वांना उपटून टाकायचे ठरले.

त्या पावसाळ्यात केवडा आला. नाव फुलाचे असले, तरी ही बुरशी. भावंडांच्या पानांवर तेलकट डाग पडले, पानांखाली पांढरी लव आली. मग एक डाग माझ्याही पानावर उमटला. सुपारीकडे निघालेल्या आप्पांनी तो पाहिला. पाठीवर पंप होताच. हात दांड्यावर गेला.

"आप्पा!" ताई मागेच उभ्या होत्या.

"मारत नाय गो. पण देवीला गाऱ्हाणं घालतो, त्याला तरी तुझी हरकत नाय ना?"

"घाला. पण रोग जाऊ दे, असं म्हणू नका."

"मग काय, राहू दे म्हणू? जीभ झडेल माझी!"

"जे खरं असेल ते दिसू दे, म्हणा."

आप्पांनी पंप खाली ठेवला आणि हात जोडले. "देवी माऊली, ह्या पोरीनं जी मेहनत केलीन, तिचं खरं काय ते दिसू दे. आणि ह्या म्हाताऱ्याचे हात आवर, म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला दुसऱ्या कोणी होकार द्यावा लागतो. तिथे दुसरे कोणी नव्हते. चिखलाचे हात जोडून ताईच म्हणाल्या, "होय म्हाराजा!"

माझ्या पानाने डागाभोवतीचा आपलाच तुकडा सुकवला. बुरशीला खायला काही उरले नाही. ती तिथेच उपाशी मेली. जगायचे तर आपले थोडे सोडावे लागते. माणसांना हे का जमत नाही, मला ठाऊक नाही.

काही दिवसांनी ताईंनी ते पान उलटून भिंगातून पाहिले. लव नव्हती. "आप्पा, हिनं स्वतः केलं!"

आप्पांनी डोळे पुसले. "मी मारलं नाय हां. देवीशपथ."

भावंडे गेली. उपटण्यापूर्वी आप्पांनी प्रत्येकीला नमस्कार केला. या फाल्गुनात माझा पहिला घड देवीपुढे ठेवला. प्रसादाचा मणी तोंडात टाकताच आप्पांचा एक डोळा मिटला. "प्रकृती उत्तम," ते म्हणाले, "स्वभाव कडक." तेव्हा आता माझी सोयरीक एखाद्या गोड घराण्याशी व्हायची आहे.

आप्पा रोज सकाळी येतात आणि हात पाठीमागे बांधून माझ्यासमोर उभे राहतात. त्यांना ते किती जड जाते, हे मला दिसते. वाचकहो, आपल्या रोपांपुढे आणि लेकरांपुढे तुम्हीही कधी तसे उभे राहा. देव त्याचे काम करीत असतो.