अ‍ॅम्प्लिफायरची खोळ

आमच्या घरात चांगली वस्तू आली की आधी तिला झाकतात. हा नियम आमच्या ह्यांचा. कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात जन्म गेला, त्यामुळे वापरलेला माल म्हणजे वाया गेलेला माल, हे डोक्यात पक्कं. रिमोट पिशवीत, फ्रीजवर झालर, आणि सोफ्यावरचं प्लास्टिक तर लेकीच्या लग्नापासून तसंच. त्या सोफ्याचा रंग विचारलात तर मला सांगता यायचा नाही.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून लोकांची लोकांशी गाठ घालून दिली. रडणं, भांडणं, लाडीगोडी, सगळं दुसऱ्यांचं. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, आता हे कान माझे. जुना अ‍ॅम्प्लिफायर गाण्यापेक्षा स्वतःच जास्त घुमायचा. दुकानात एका भारी अ‍ॅम्प्लिफायरवर गाणारीनं ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला, आणि मी म्हटलं, "हाच."

"या वयात हे कसले थेर!" हे म्हणाले.

लेक फोनवर म्हणाली, "आई, छोटा स्पीकर चालला नसता का?"

"नसता," म्हटलं आणि फोन ठेवला.

ह्यांनी मुकाट्यानं रेक्झिनची खोळ शिवली, बटणांपुरती भोकं ठेवून. शिवण इतकी सुबक की रागावताही येईना.

"चालू असतानाही घालायची?"

"धूळ काय चालू-बंद बघून येते?"

अर्ध्या गाण्यात अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला. थोड्या वेळानं बोलू लागला, पुन्हा मुका. ह्यांना तर आयतंच सापडलं. "नाव मोठं, लक्षण खोटं! दुकानाच्या माणसाला बोलावलंय. परत जाऊ दे."

मला रडू आलं, खरं सांगते. वस्तू जाणार म्हणून आलंच, पण हे बरोबर ठरणार म्हणून जास्त.

माणूस खोका घेऊन दारात आला, तेव्हा मी शेवटचं म्हणून लावलेलं गाणं नुकतंच बंद पडलं होतं. उचलून द्यायला मी खोळीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखी तापली होती. एक्सचेंजमध्ये आमच्या यंत्रांवर कुणी साधा कागद ठेवला तरी साहेब ओरडायचे, वारा अडतो म्हणून. ती अक्कल मी घरात गहाण ठेवली होती.

खोळ ओढून काढली. खाली सगळी जाळीच जाळी.

"भाऊ, तुम्ही जा. बिघाड यात नाही. आम्ही याला कोंडलं होतं."

"अगं, पण..." हे म्हणाले.

"तुम्ही बसा!"

अ‍ॅम्प्लिफायर निवल्यावर गाणं लावलं, चांगलं मोठ्यानं. हे सोफ्यावर तोंड फुगवून बसले. गाणारी थांबली, आता श्वास घेणार, तेवढ्यात कर्रर्र. पुढच्या ओळीआधी पुन्हा कर्रर्र.

"हलू नका हो!"

"मी कुठे, हे प्लास्टिक..."

मी कात्री आणली.

"अगं, उद्या कुणी आलं तर?"

"आपण आलोय ना. उठा!"

हे उठले. प्लास्टिक टराटरा निघालं. सोफा हिरवा होता. हे त्यावर तळहात फिरवत उभेच राहिले.

"बसा," मी म्हटलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.