लेवीचे वचन

"पुन्हा," मालेलेगा म्हणाली. ती शिवणयंत्राशेजारी चटईवर बसली होती आणि समोर तिचा तीन वर्षांचा लेवी. "देव प्रीती आहे. म्हण बरं."

लेवीने तिच्या तोंडाकडे पाहिले. मग ओठ हलवले. नीट हलवले, तीन शब्दांपुरते. आवाज मात्र श्वासाएवढाच निघाला.

"म्हटलं का त्याने?" दारात नारळ खोवत बसलेल्या सासूने, फातूने, विचारले.

"म्हटलं, आई. लाजतोय तो."

"लाजतोय की आपल्याला लाजवतोय, ते उद्या कळेल. पाळकबाईंनी सगळ्यांच्या आधी उभं करायचं ठरवलंय त्याला."

उद्या मुलांचा रविवार होता. वर्षातून या एका दिवशी चर्चमध्ये मुले बोलतात आणि मोठे ऐकतात. मुलांनी म्हणायच्या बायबलच्या वचनांतले सगळ्यात छोटे लेवीच्या वाट्याला आले होते. गेल्या वर्षी "अजून लहान आहे" म्हणून निभावले. यंदा ते चालणार नव्हते. लेवीचा बाप न्यूझीलंडला सफरचंदे तोडायला गेला होता, आणि पोराबद्दल त्याला फोनवर काय सांगतेस, असे बायका आता उघडच विचारत.

मालेलेगा बेटावरच्या त्या गावाचे कपडे शिवायची. या आठवड्यात तिने अकरा पांढरे पोशाख शिवले होते, तरी लेवीला रोज दोनदा पुस्तक वाचून दाखवणे चुकले नव्हते. पुस्तके बहिणीने ऑकलंडहून पाठवलेली. बहीण तिथे बालवाडीत शिकवायची. "रोज वाच, खेळताना बोलत राहा, शब्द आपोआप येतात," ती सांगायची. मालेलेगाने ते औषधाच्या वेळा पाळाव्यात तसे पाळले. शिंपले मांडताना ती बोलायची, डुकरांना खायला घालताना बोलायची. वाचताना लेवी मांडीवर बसायचा नाही, समोर बसायचा आणि चित्रे सोडून तिच्याकडेच बघत राहायचा. तिला त्याचे कौतुक वाटायचे. त्याने म्हटलेले शब्द ती मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायची. चोवीस झाले होते.

"ते चोवीस तुझ्या एकटीलाच ऐकू येतात," फातू म्हणायची. तिचा भरवसा प्रार्थनेवर होता. लेवी दहा महिन्यांचा असताना आठवडाभर तापाने फणफणला होता, झटके आले होते. तेव्हा इस्पितळाच्या फरशीवर बसून फातूने त्याला देवाकडून मागून घेतले होते. "ज्याने जीव परत दिला, तो बोलणंही देईल." रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ती लेवीचे नाव मोठ्याने घ्यायची.

रविवारी लेवी वेदीसमोर उभा राहिला. पांढरा सदरा, पांढरी लुंगी. मालेलेगा पहिल्याच बाकावर होती. पाळकबाईंनी त्याच्या मागे वाकून पहिला शब्द सांगितला. लेवी हलला नाही. त्यांनी पुन्हा सांगितला, इतक्या मोठ्याने की शेवटच्या बाकापर्यंत गेला. लेवी आईकडे बघत राहिला.

मालेलेगाने नुसते ओठ हलवले. देव. लेवीचे ओठ हलले. प्रीती. पुन्हा हलले.

"आवाज घरीच विसरला वाटतं!" मागून कोणीतरी म्हणाले आणि बाकेच्या बाके हसली. मालेलेगाने शरमून हातातला पंखा तोंडासमोर धरला. लेवीचे ओठ अर्ध्यावरच थांबले. तिने पंखा खाली घेतला, शेवटचा शब्द ओठांनी म्हटला. त्याचेही ओठ हलले.

वचन पूर्ण झाले होते. तिथे थांबता आले असते. पण मालेलेगाने पंखा पुन्हा वर धरला, या वेळी मुद्दाम, आणि त्याच्याआडून हाक मारली, "लेवी!"

चर्चमधली सगळी मुले वळून तिच्याकडे बघू लागली. लेवी पंख्याची वीण बघत उभा होता. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. मग पंखा काढला आणि आवाज न करता, फक्त ओठांनी, त्याचे नाव घेतले. तो धावत येऊन तिला बिलगला.

"किती गोड!" पाळकबाई म्हणाल्या.

या दिवशी मुले आधी जेवतात आणि मोठे वाढतात. घरी आल्यावर स्वयंपाकाच्या खोपटात मालेलेगा सासूला म्हणाली, "आई, त्याला ऐकू येत नाही."

"काहीतरीच बोलू नकोस. नर्सबाईने त्याच्या मागे घंटी वाजवून पाहिली होती. वळला होता की!"

"मी त्याच्या समोर बसले होते. मी घंटीकडे पाहिलं, म्हणून तो वळला."

फातूने हातातला डाव पातेल्यात ठेवला. "कधीपासून?"

"त्या तापापासून असेल. मला काय माहीत? दोन वर्षं वाचतेय मी त्याला, आई. दोन वर्षं!"

बाहेर भावकीतल्या मुलांचा कलकलाट चालू होता.

"मग प्रार्थना?" फातूने विचारले. "रोज हात जोडून, डोळे मिटून बसतो की गं. केवढा शांत बसतो."

"आपण मिटतो म्हणून मिटतो."

"एकही शब्द गेला नाही त्याच्यापर्यंत?"

मालेलेगाने डोळे पुसले. "उद्या पहिल्या बोटीने राजधानीत, अपियाला नेते त्याला. मोठ्या इस्पितळात."

"मी येते," फातू म्हणाली.

मुले चटईवर ओळीने बसली होती. जेवणाआधीची प्रार्थना घरातल्या मोठ्या माणसाने म्हणायची, म्हणून फातूने सुरुवात केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रार्थनेत फातूने आयुष्यात कधी डोळे उघडले नव्हते. आज उघडले.

लेवीचे हात जोडलेले होते, मानही खाली होती. पण किलकिल्या पापण्यांतून तो एकेकाचे तोंड तपासत होता, हे कधी संपणार त्याचा अंदाज घेत.

फातू मध्येच थांबली. मुले चुळबुळली. सुजलेल्या गुडघ्यांवर हात टेकत ती लेवीसमोर खाली बसली, त्याची हनुवटी वर उचलली आणि तोंड पूर्ण उघडून, सावकाश म्हणाली, "आमेन."

लेवीने तिच्या ओठांकडे पाहिले आणि जेवायला सुरुवात केली.