कशाच्या पावलानं

"कोन आली?"

उंबऱ्याच्या आतून मोठ्या आईचा आवाज आला होता. आर्वीच्या घराचं दार, दारात हळदीकुंकवाची इवली इवली पावलं, आणि ताटात महालक्ष्मीचा पितळी मुखवटा धरून उभी असलेली नऊ वर्षांची प्रमोदिनी. काय उत्तर द्यायचं ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं. महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावलानं आली. पण मोठ्या आईनं "कोन आली? कशाच्या पावलानं आली?" असं विचारलं आणि ही पोर म्हणाली, "मी आली. माह्याच पावलानं आली."

सारं अंगण खदखदून हसलं. मोठी आई हसली नाही. मुखवटा आत गेल्यावर तिनं प्रमोदिनीला माजघराच्या अंधारात जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला. "बाई माहे, दारात खरं नाही बोलू. दारात ठरलेलं बोलाव. मंग घर आत घेते."

मोठी आई जाऊन किती काळ लोटला. आर्वी सुटली, लग्न होऊन रायपूर आलं, गुढियारीत रेल्वेच्या मालगाड्यांचा खडखडाट ऐकत संसार झाला. रायपूर राजधानी झालं, लाल दिव्यांच्या गाड्या रस्त्यांवरून पळू लागल्या. पण भादव्यात साडीच्या निऱ्या हातात आल्या की तो आवाज यायचाच. आजही आला. पुरानी बस्तीतल्या मैत्रिणीच्या, कौमुदीच्या घरी, महालक्ष्मीच्या पत्र्याच्या धडाला हिरवी पैठणी नेसवताना प्रमोदिनी गुणगुणत होती,

नेसविते साडी बाई, निऱ्या घालिते मापात
लेकीबाळींचं गं हसू, माझ्या भरल्या सुपात

"वा! तुमच्या हातात काय हाय काय माहीत, प्रमोदिनीताई," दारातून प्रेमला म्हणाली. ती कौमुदीची नणंद. जीभ तिखट, कान त्याहून तिखट. "तुम्ही नेसवली की देवी श्वास घेऊन राहिली असं वाटते. अशी भाविक बाई साऱ्या पाऱ्या-मोहल्ल्यात दुसरी नाही. आन पोटी पहा कशी निपजली!"

प्रमोदिनीनं तोंडातली टाचणी काढून पदराला लावली.

पोटी निपजलेली गंधाली तेव्हा स्वयंपाकघरात भोपळा चिरत बसली होती. बीरगांवच्या कारखान्यात रसायनं तपासणारी ही मुलगी, सव्वीस वर्षांची, सरळ नाकाची आणि त्याहून सरळ जिभेची. महिन्यापूर्वी मराठी मंडळाच्या सभेत कुणाचं तरी भाषण झालं, प्रश्न विचारायला माईक फिरला, तो हिच्या हातात आला. ही उभी राहिली आणि म्हणाली, "मी नास्तिक आहे. कोणाचा राग म्हणून नाही, मला तसं वाटतं म्हणून. आपल्यात असे आणखी लोक असतील. लपून राहू नका. एकदा हात वर करा, म्हणजे एकमेकांना दिसू तरी."

सभागृहात पंखे तेवढे फिरत होते. हात एकही वर झाला नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्या प्रमोदिनीचा उजवा हात मांडीवर होता. डाव्या हातानं तिनं तो घट्ट धरून ठेवला होता.

कारण प्रमोदिनीही मानत नव्हती.

तिचा देव कोणत्या दुःखात हरवला नव्हता. कोणी अकाली गेलं नव्हतं, नवस फसला नव्हता. ऐन तिशीत, याच घरात, याच पत्र्याच्या धडात गहू भरताना एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, आपण कोणाचीच वाट पाहत नाही आहोत. धडात गहू आहे, साडीत कापूस आहे, घरात बायका आहेत. एवढंच आहे, आणि एवढं पुष्कळ आहे. तिला रडू आलं नाही, भीती वाटली नाही. गव्हाचा वास तेवढा फार गोड वाटला. त्यानंतरही ती दर भादव्यात आली, कारण तिला हे गाणं आवडायचं, ही साडी आवडायची, एकमेकींच्या अंगावर पडत हसणाऱ्या या बायका आवडायच्या. आणि खरं सांगितलं तर बोलावणं येणार नाही, याची धास्ती होती. परमुलुखात बोलावणं हेच माहेर असतं.

आता त्या सभेचे शेणगोळे लेकीच्या अंगावर येत होते. कौमुदीचा मुलगा स्वानंद आणि गंधाली, दोघांचं ठरलं होतं. स्वानंद मंत्रालयात कामाला, शांत, हसरा. त्याला गंधालीचं सगळं माहीत होतं आणि सगळं मान्य होतं. मान्य नव्हतं ते कौमुदीला. भोसल्यांच्या काळापासून या घरात महालक्ष्म्या बसतात. नास्तिक सून आली तर पुढं त्यांना उभं कोण करणार? शेवटी तिनंच तोड काढली होती. ज्येष्ठेचा मुखवटा दरवर्षीसारखा ती स्वतः आणेल. कनिष्ठेचा प्रमोदिनीऐवजी या वर्षी गंधालीनं आणायचा. चारचौघींसमोर, दारात, ठरलेली उत्तरं द्यायची. की झालं, कार्तिकात लग्न.

गंधाली हात पुसत आली. आईच्या शेजारी उकिडवी बसली.

"आई, ताट मी धरते. भाज्या चिरते, भांडी घासते. पर वो बोलूंगी नहीं. दारात उभी राहून स्वानंदच्या म्हाताऱ्या आजीच्या तोंडावर खोटं बोलू का मी? तिचा खरा भाव आहे. तो तिचा अपमान नाही का?"

"दोन शब्द तं हायेत, बाई."

"तू तो बोल ही मत, आई." गंधालीचा आवाज खाली आला. "घरी दुसरं कोणी नसलं की तू दिवा लावत नाहीस. लहानपणापासून पाहून राहिली मी. त्या दिवशी हात वर करा म्हटलं ना, मी तुझ्याचकडे पाहत होती."

प्रमोदिनीच्या हातातली निरी सुटली. सातही पदर खाली घरंगळले.

"पुन्हा घालते," ती म्हणाली. निरीबद्दल म्हणाली की आणखी कशाबद्दल, तिचं तिलाच कळलं नाही.

ऊन कलल्यावर बायका जमल्या. अंगण भरलं. तुळशीजवळ दोन ताटं, दोन मुखवटे, नाकात नथी, डोळ्यांत काजळ. तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत पावलं उमटलेली. दाराच्या आत, पाटावर, अंजनाबाई. कौमुदीच्या सासू. ऐंशी कधीच उलटली होती, नजर अधू झालेली, पण आवाज खणखणीत. दारातले प्रश्न त्यांनीच विचारायचे.

कौमुदी ज्येष्ठेला घेऊन पुढं झाली.

"कोन आली?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

"काय घेऊन आली?"

"धनधान्य, लेकरंबाळं घेऊन आली."

"ये माय, ये. आत ये."

थाळी वाजली, घंटा वाजली. कौमुदी आत गेली, मुखवटा ठेवून लगोलग परत दारात येऊन उभी राहिली. आता गंधाली. तिनं ताट उचललं, पावलांच्या कडेकडेनं चालत उंबऱ्याशी आली. अंगण एवढं गप्प झालं की मागच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाळी स्पष्ट ऐकू आली.

"कोन आली?"

गंधालीनं ओठ उघडले, मिटले. ताटातली नथ थरथरत होती.

"पाहा! मी म्हटलं नव्हतं?" प्रेमला पुटपुटली. "दोन शब्द जड होऊन राहिले महाराणीले."

कौमुदी दाराशेजारी उभ्या प्रमोदिनीच्या कानाशी लागली. "ताई, सांगा ना तिले. तुमचं ऐकन ती. तुमच्यासारख्या भाविक बाईची लेक, दोन शब्द बोलाले काहून एवढी अडून राहिली?"

प्रमोदिनीनं लेकीकडं पाहिलं. गंधालीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हट्टही नव्हता. एक वाट पाहणं होतं. सभागृहात तिसऱ्या रांगेकडं पाहतानाही हेच असेल. आपण मान खाली घातली होती, म्हणून दिसलं नाही.

ती पुढं झाली. लेकीच्या हातातलं ताट तिनं आपल्या हातात घेतलं. इतक्या वर्षांच्या सवयीचं ओझं, पण आज हलकं लागलं.

"अरे, कोन आली?" अंजनाबाईंनी पुन्हा विचारलं.

"महालक्ष्मी ताटात हाय, मावशी," प्रमोदिनी म्हणाली. "तिले तुम्ही ओळखता. पन ताट धरनारी कोन हाय, ते तुमाले कधी सांगतलंच नाही मी. प्रमोदिनी आली, मावशी. देव न माननारी. आज नाही, पंचवीस वर्षांपासून न माननारी. तुमच्या देवीले साडी याच हातानं नेसवली. मन लावून नेसवली, खोट्या मनानं नाही. पन देव म्हनून नाही, तुमची म्हनून नेसवली."

कोणाच्या तरी हातातली थाळी खणकन खाली पडली. प्रेमलानं "अगो बाई!" म्हणून तोंडावर पदर घेतला. कौमुदी तर दाराच्या चौकटीला टेकलीच. प्रमोदिनीला वाटलं, झालं. आता हे ताट कोणी तरी हातातून काढून घेईल. पुढच्या भादव्यात आपण गुढियारीच्या खोलीत मालगाडीचे डबे ऐकत बसू. तरी छातीत काहीतरी उंच उंच चढत होतं, वादळ निघून गेल्यावर पाखरू चढतं तसं.

अंजनाबाईंनी डोळे बारीक केले. त्यांना दिसत होतं ते एक ताट आणि दोन हात, एवढंच.

"पंचवीस वर्षं?" त्या म्हणाल्या.

"हव, मावशी."

"आन पदर तरी कधी ढळला नाही माह्या देवीचा." म्हातारीनं डोकं हलवलं. "कोनाच्या मनात काय हाय ते पाहाले मी नाही बसली इथं. मी विचाराले बसली. विचारलं तं पुरं विचारीन. अर्ध्या उत्तरावरून कोनी परत नाही गेलं या दारातून." आणि पाटावर सरळ बसून, त्याच खणखणीत आवाजात, "कशाच्या पावलानं आली?"

प्रमोदिनीच्या पोटात नऊ वर्षांची पोर हलली.

"माह्याच पावलानं आली, मावशी."

या वेळी अंगण हसलं नाही. मागच्या ओळीतली कोणी एक सून हलकेच "वा!" म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकली.

"आई!" कौमुदी कळवळून म्हणाली. "हे काय चाललं? उद्यापासून लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, अंजनाबाईच्या घरी खरं बोललं तरी चालते." म्हातारीनं सुनेकडं मान वळवली. "देव मी मानते. हिच्या वाटचाही मीच मानून टाकीन, काही जड नाही मले. तुले सून खोटं बोलनारी पाहिजे का खरं बोलनारी, ते सांग. आन लवकर सांग, मुहूर्त चालला."

स्वानंद ओट्यावर उभा होता. तो आईकडं पाहत राहिला. कौमुदीनं त्याच्याकडं पाहिलं, गंधालीकडं पाहिलं, प्रमोदिनीच्या हातांकडं तर फारच वेळ पाहिलं. हे हात तिच्या बाळंतपणात रात्रभर तिच्या कपाळावर होते.

"पन उद्या नैवेद्याच्या सोळाही भाज्या हिलेच चिरा लागतीन," ती शेवटी म्हणाली. आवाज रडका होता, शब्द नव्हते.

"अठरा चिरते, मावशी," गंधाली म्हणाली.

आता मात्र अंगण हसलं. प्रेमलाही हसली, पदराआडून का होईना. कौमुदी खाली वाकली. करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवून तिनं उंबऱ्याशी, प्रमोदिनीच्या पुढ्यात, बोटांनी आणखी एक पाऊल रेखाटलं. देवीचं नव्हतं ते, चांगलं बाईमाणसाच्या पावलाएवढं मोठं.

"थांबा रे," अंजनाबाई म्हणाल्या. "एक राहिलं. काय घेऊन आली?"

प्रमोदिनीनं ताट डाव्या हातावर तोललं. गंधाली तिच्या शेजारीच होती, एवढी जवळ की तिचा श्वास दंडाला लागत होता. उत्तर अंजनाबाईंना द्यायचं होतं, पण ती वळली ती लेकीकडं. उजवा हात हळूहळू वर गेला, बांगड्या कोपरापर्यंत घसरत आल्या.

"त्या दिवशी वर करायचा राहिला होता, बाई," ती म्हणाली, "तो हात घेऊन आली."