टपातलं काळं पाणी

हॉल गच्च भरला होता. पुढं खुर्चीत एक बाई टपात पाय सोडून बसली होती आणि टपातलं पाणी बघता बघता काळं होत होतं. मागचे लोक टाचा उंचावून बघत होते. पाणीवाले बाबा सांगत होते, मनात साचलेलं दुःख तळपायातून उतरतंय. दुःखाला नेमका तळपायाचाच रस्ता कसा सापडतो, हे कुणी विचारलं नाही.

मी आलो होतो लांबूसाठी. भांड्यांना विजेनं मुलामा देण्याच्या कारखान्यात आमच्या दोघांच्या टाक्या वीस वर्षं शेजारीशेजारी आहेत. चार महिन्यांपूर्वी तो मला म्हणाला, जगण्यात काही राम नाही. मी त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, तो झोपायला लागला, दोन घास खायला लागला. आणि परवा लांबूच्या घरून वहिनींचा फोन आला. बाबांनी गोळ्या बंद करायला लावल्यात, आठ दिवस झाले, हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. खरं सांगतो, चिडायलाही माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

लांबूची पाळी आली. शिष्यानं टपात मीठ टाकलं, यंत्राच्या तारा जोडलेली लोखंडी नळी सोडली. अहो, आमचा जन्म गेला यात! मिठाच्या पाण्यात लोखंडाला वीज दिली की लोखंड झिजतं आणि गंजानं पाणी काळं पडतं. हे मला कामावरच्या पहिल्या आठवड्यात लांबूनंच शिकवलं होतं.

"बाबा, एकदा पायांशिवाय यंत्र चालवा," मी म्हणालो.

बाबा म्हणाले, श्रद्धा नसलेल्यासमोर पाणी काम करत नाही.

"मग तर काळं होणारच नाही. चालवा की."

दोघंतिघं हसले. मघाची बाईच म्हणाली, चालवा. दहा मिनिटांत, आत कुणाचे पाय नसताना, टपातलं पाणी काळंकुट्ट. बाबांनी लगेच सांगितलं, हे हॉलमधल्या सगळ्यांचं दुःख ओढलं गेलं. निम्म्यांना तेही पटलं.

लांबू कोरडेच पाय पुसत होता.

"मीठ टाकलं तेव्हाच मला कळलं होतं रे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. पण निदान काहीतरी बाहेर पडताना दिसत होतं. गोळीनं काहीच दिसत नाही."

बाबांची लबाडी पकडणं सोपं होतं, हे अवघड होतं.

"नाही दिसत," मी म्हणालो. "मी रोज सकाळी येतो. गोळी माझ्यासमोर घे."

"किती दिवस?"

"डॉक्टर म्हणतील तितके."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर दोन तास बसलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

तर मंडळी, चमत्कार दिसला की आधी पाय बाहेर काढून यंत्र चालवून बघा. मनाचा आजार हा आजारच आहे, त्याला डॉक्टर लागतो आणि सोबतीला माणूस लागतं. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका.

मला कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? तरी रोज जातो. आज पोचायला वेळ झाला, तर लांबू पाण्याचा पेला घेऊन दारातच उभा.

"उशीर केलास," म्हणाला.